मशीन वाटलं, टेन्शनचं कोण सांगणार?

शिलाई मशीन वाटपाचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मंडप, हार-तुरे, रांगेत उभ्या आयाबहिणी, समोर काळी चकचकीत मशिनं. सहा महिन्यांनी त्यातल्या काही घरांत जा. मशीनवर गोधड्यांची चळत असते. विचारलं की उत्तर ठरलेलं: "दोरा तुटतो, खाली गुंता होतो. मशीनच खराब दिलंय."

मी तालुक्याच्या गावी मशीन दुरुस्त करतो. अशी 'खराब' मशिनं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांना एकही नवा पार्ट लागत नाही.

बघा, टाका दोन दोऱ्यांचा असतो. एक सुईतून येतो, दुसरा बॉबिनमधून. दोघांची ओढ सारखी असली की टाक्याची गाठ कापडाच्या मधोमध बसते. कापडाच्या खालून दोऱ्याचे फास दिसले की सगळे बॉबिनला दोष देतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा ढिला असतो. उलट बॉबिनचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसला, तर वरचा दोरा जास्त आवळलाय.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी एवढं करा.

फूट वर उचला, मगच दोरा ओवा. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात नीट बसत नाही. सुई बदला: साध्या सुती कापडाला १४ नंबर, जीन्ससारख्या जाड कापडाला १६ किंवा १८. बॉबिन केसच्या पत्तीखाली अडकलेला भुसा काढा. मग वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून चिंधीवर टाके मारा, कुठला दोरा कुठे डोकावतो ते लगेच कळतं. तरी जमलं नाही, तर टेन्शनचा नट थोडा थोडा फिरवा. उजवीकडे आवळतो, डावीकडे सैल होतो. बॉबिन केसचा बारीक स्क्रू अगदी शेवटी. केस दोऱ्याला धरून लटकवा. हलका झटका दिल्यावर थोडी सरकून थांबली तर ठीक. सरसर खाली आली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट.

मागच्या जूनमध्ये एक ताई मशीन विकायलाच घेऊन आल्या होत्या. शाळेच्या गणवेशाचं काम मिळालेलं, पण टाके उसवले म्हणून शर्ट परत आलेले. दोरा पुन्हा ओवला, सुई बदलली, पत्ती साफ केली. वीस मिनिटं लागली. खर्च फक्त सुईचा. ताई मशीन घेऊन घरी गेल्या. पण ज्यांनी निम्म्या किमतीत आधीच विकून टाकलं, त्यांचं काय? त्यांच्या हातातलं कामच गेलं की हो.

मशीनसाठी पैसा निघतो, मग ते चालतं ठेवायला का निघू नये? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून वर्षातून एक दिवस दुरुस्ती शिबिर घ्यायला काय हरकत आहे? गावातलाच एखादा शिंपीदादा बोलवा, त्याला मानधन द्या, प्रत्येकीला स्वतःच्या हाताने दोरा ओवू द्या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि इतिवृत्तात लिहून घेतला का तेही बघा.

तोवर कुणी मशीन विकू नका. आधी फूट वर करा आणि दोरा पुन्हा ओवा.