उसने घेतलेले तास

परतवाडा,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

प्रिय छोटी,



परवा फोनवर बोलता बोलता तू विचारलंस, "ताई, एम.बी.ए.चा फॉर्म भरू का?" तेवढ्यात मागून लेकाचं रडणं ऐकू आलं आणि तू फोन ठेवलास. तुझा प्रश्न आणि ते रडणं, दोन्ही तेव्हापासून माझ्या कानात आहेत. फोनवर घाईत उत्तर देण्यासारखी ही गोष्ट नाही. पोथी वाचून झाली, घर झोपलं, म्हणून लिहायला बसले.

आधी कागदांचं सांगते. नोकरी न सोडता शिकायचं तर दूरस्थ किंवा ऑनलाइन हाच तुझा रस्ता. दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५चं, नाशिकचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीदच आहे. अशी पदवी चालते का, असं जावईबापू विचारतील. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली जाहीर केलं आहे. मात्र विद्यापीठ आणि अभ्यासक्रम, दोन्हींची नावं आयोगाच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्याआधी एक रुपयाही भरू नकोस.

आता खरी गोष्ट. नोकरी सांभाळून एम.बी.ए. करायला तू वेळ कसा काढलास, असं मला सगळेच विचारतात. छोटे, वेळ काढता येत नाही. दिवसाचे चोवीस तास आधीच कुणा ना कुणाच्या नावावर असतात. वेळ मागावा लागतो. हे समजायला मला एक वर्ष लागलं.

पहिल्या वर्षी मी घरात कुणाकडे काहीच मागितलं नाही आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. पहाटे चारला उठून ओट्यावर पुस्तक उघडायचं, साडेपाचला कणीक मळायची, दहाला पतसंस्थेत हजर. रात्री सगळे निजले की पुन्हा पुस्तक. झोप माझी, मग तासही माझे, असं मी धरून चालले होते. पण माझ्या जागरणाची किंमत भलतेच लोक मोजत होते. फेब्रुवारीत मी एका शेतकऱ्याची रक्कम दुसऱ्याच खात्यावर जमा केली. संध्याकाळी कॅश जुळली, त्यामुळे चूक लक्षात आली नाही. चार दिवसांनी तो म्हातारा माणूस पासबुक घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. रागावला नाही, फक्त विचारलं, "बाई, माहे पैसे कुठं गेले?" त्याचा तो चेहरा मी विसरले नाही.

मग उन्हाळ्यात परीक्षा आली. अमरावतीची पहाटेची एसटी पकडायला निघाले आणि मुलीच्या अंगाला हात लावला, तर फणफणून ताप. मी पिशवी खाली ठेवली. तो पेपर बुडाला. त्या दिवशी माझा पेपर आहे, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. रात्री कळलं तेव्हा आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "मी होतो ना वं घरात. आधीच काऊन नाई सांगतलं?"

मला रडूच फुटलं. सगळं एकटीने ओढते, याला मी कष्ट समजत होते. त्या म्हातारीला मात्र ते परकेपण वाटलं होतं. तिचं बरोबर होतं. मागणं म्हणजे कमीपणा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण न सांगता घेतलेले तासही घरातूनच जातात, आणि देणाऱ्याला दिल्याचं समाधानसुद्धा मिळत नाही.

दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्रात ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकले. एक गोष्ट निवडली की जी हातची जाते, तिची किंमत. त्याच सुमारास रोख प्रवाहाचा धडा आला आणि मला आपली संत्र्याची बाग दिसली. आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, फळ उतरतं ऑक्टोबर ते डिसेंबरात. मृग बहर जून-जुलैत फुलतो, फळ येतं फेब्रुवारी-मार्चात. कितीतरी शेतकरी फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला देतात आणि पैसा तुकड्यातुकड्याने हाती येतो. आमच्या पतसंस्थेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. दहा वर्षं मी त्या माणसांची नावं थकबाकीच्या यादीत लिहिली होती. त्यांची नियत चांगली होती, आमचा हप्ता चुकीच्या महिन्यात होता. त्यावरच मी प्रकल्प अहवाल लिहिला, वरिष्ठांपुढे मांडला, आणि थोड्या कर्जखात्यांचे हप्ते बहराला जुळवून दिले गेले. पगारात या पदवीने किती भर पडली असं विचारशील तर फार नाही. पण काउंटरच्या पलीकडचा माणूस मला दिसू लागला. तुझ्या दालमिलमध्येही तूर हंगामात एकदम येते, पैसा अडकतो, डाळ वर्षभर विकली जाते. खेळतं भांडवल म्हणून जे रोज तुझ्या वहीत उतरतं, त्यामागचं गणित तुला या अभ्यासात कळेल. म्हणून शिक, असंच मी म्हणेन.

तोच धडा मी घरी आणला. घेतलेल्या तासांची परतफेड घराच्या हंगामाला जुळली पाहिजे. भिंतीवरचं कालनिर्णय काढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं. स्वाध्याय द्यायच्या तारखा, संपर्कसत्रांचे रविवार, परीक्षेचे दिवस लाल पेनने लिहिले. तुझ्या भाऊजींनी रात्रीचा स्वयंपाक आणि मुलीचा गृहपाठ घेतला. पहिला महिना खिचडीवर काढला, मग पोळ्याही जमल्या. भाजी निवडणं आत्याबाईंनी मागून घेतलं. ऑफिसात साहेबांना जानेवारीतच सांगितलं, की मार्चअखेर मी एकही रजा मागणार नाही, मेमध्ये मात्र दहा दिवस लागतील. आणि महालक्ष्म्यांचे तीन दिवस पुस्तक बंद. ते दिवस घराचे.

छोटे, ही पदवी मुळात आपल्यासारख्यांसाठी आखलेलीच नव्हती. हार्वर्डला ती १९०८ साली सुरू झाली, ती दोन वर्षं सगळं सोडून फक्त शिकणाऱ्यांसाठी. बायकांना त्या दोन वर्षांच्या वर्गात पहिल्या दिवसापासून बसता आलं ते १९६३ साली. चूल, काउंटर आणि पुस्तक एकाच दिवसात बसवायचं असेल तर अख्ख्या घराला त्या अभ्यासात सामील करून घ्यावं लागतं.

परीक्षेला जाताना एसटी वलगाववरून जायची. पेढी नदीकाठी गाडगेबाबांनी देह ठेवला, ते हे गाव, १९५६चा डिसेंबर. त्यांचा जन्मही जवळचाच, अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा. तू अकोट-अंजनगाववरून आमच्याकडे येतेस त्याच बाजूचं. स्वतः शाळा पाहिली नाही, पण पोटाला चिमटा घ्या, पोरांना शिकवा, हे त्यांनी कीर्तनातून गावोगाव सांगितलं. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. मला मात्र दर वेळी त्यांची दुसरी रीत आठवायची. कुणाच्या दारची भाकर घ्यायच्या आधी ते अंगण झाडायचे, लाकडं फोडायचे. फुकट काही घ्यायचं नाही. शिक्षणासाठी घरातून घेतलेल्या तासांनाही हाच नियम लावावा, असं मला त्या प्रवासात वाटू लागलं. आता आत्याबाईंचे गुडघे धरलेत. रोज संध्याकाळी तेल लावून देते. तुझ्या भाऊजींना ठिबकच्या दुकानाचं खातं नीट मांडायचं होतं, ते मी बसवून दिलं.

सगळंच फिटतं असं मात्र नाही. संपर्कसत्राच्या एका रविवारी मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ती जिजाऊ झाली होती. मी फोटो पाहिला, तिला पाहिलं नाही. ते देणं आजही माझ्या नावावर आहे आणि ते फेडायला दुसरा तसा रविवार येणार नाही. फॉर्म भरताना हेही धरून चाल, म्हणजे नंतर घरावर किंवा स्वतःवर चिडणार नाहीस.

तेव्हा फॉर्म भर. पण त्याआधी एका संध्याकाळी जावईबापू आणि तुझ्या सासूबाईंना जवळ बसव आणि आठवड्याचे किती तास, कुणाकडून, किती महिने, ते स्पष्ट माग. आणि त्या यादीत पहिलं नाव माझं लिही. परीक्षेच्या दहा दिवसांत लेकाला माझ्याकडे सोड. रसाचे दिवस असतील, आत्याबाई वाटच पाहतील, आणि माझी मुलगी त्याला चिखलदऱ्याची गाडी दाखवायला आत्तापासून तयार आहे.

तू माझे दहा दिवस घे. कधी परत करायचे, ते आपण बहर पाहून ठरवू.

तुझी,
ताई