घाटापुरता गॅस
(ऑस्ट्रेलियाची दैनंदिनी : भाग चौथा)

शुक्रवार, ॲडलेड

गेल्या अंकात जिच्या पडद्यांचं आणि फ्रिजचं कौतुक लिहिलं, ती कॅरॅव्हॅन दारात तयार उभी आहे. तिला ओढणारी गाडी मात्र अजून गॅरेजात. आज जावयांबरोबर मीही तिकडे गेलो. लेक म्हणाली, "बाबा, सुट्टीवर आलायत, तिथे जाऊन हात काळे करू नका." दापोडीच्या एसटी वर्कशॉपात जन्म काढलेल्या माणसाला हे सांगून काय उपयोग?

गाडी २००२ सालची लँड क्रूझर, १०५ सिरीज. बॉनेटखाली टोयोटाचं 'वन एचझेड': सहा सिलिंडर, ४.२ लिटर, टर्बो नाही. ताकद १३० घोड्यांच्या आसपास. मला हे इंजिन पाहताक्षणी आवडलं. लपवाछपवी नाही, पाना लावायला जागा आहे, आवाज ऐकून दुखणं कळतं. पण सामान भरलेली कॅरॅव्हॅन १९०० किलोंची. गाडी, पाणी, आम्ही चौघं आणि नातीची सायकल धरली तर सगळं मिळून साडेचार टनांच्या घरात जातं. चढ लागला की गाडी दम टाकते, मागे काळा धूर आणि धुरामागे रांग.

यावर जावयांनी काढलेला उपाय म्हणजे डिझेल इंजिनाला एलपीजीची जोड. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपल्याकडचे ते महाभाग आठवले, घरगुती सिलिंडरमधून व्हॅनमध्ये गॅस भरणारे. इथे तसं चालत नाही. काम परवानाधारक फिटरनंच करायचं, त्याला 'एएस/एनझेडएस १४२५' नावाचं मानक आहे, टाकीची दर दहा वर्षांनी तपासणी आहे, आणि नंबरप्लेटवर लाल चौकटीचं 'एलपीजी' लिहिलेलं लेबल लावावं लागतं. अपघात झालाच तर आग विझवायला येणाऱ्याला लांबून कळावं म्हणून. मला हे लेबल फार पटलं.

फिटर कामाचा माणूस, बोलणं मोजकं. टाकी चेसिसखाली. तिथून द्रवरूप गॅस पुढे येतो आणि रेडिएटरच्या गरम पाण्यावर तापणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये त्याची वाफ होते. ती वाफ एअर फिल्टरच्या पुढे, हवेच्या पाइपात सोडायची. इंजिन थंड असेल तर गॅस सुरूच होत नाही, कारण कन्व्हर्टर गोठतो.

मी मुद्दाम विचारलं, "ॲक्सिलरेटर सोडला आणि गॅस चालूच राहिला तर?" डिझेलच्या पंपाला गव्हर्नर असतो, तो डिझेल आवरतो. हवेच्या वाटेनं शिरलेल्या गॅसवर त्याची सत्ता नाही. झडप गळली तर इंजिन हातातून सुटेल. फिटरनं मान डोलावली आणि एकेक वायर दाखवली: आयडलला गॅस बंद, ठरावीक आरपीएमच्या वर बंद, इग्निशन काढली की टाकीवरची झडप बंद. मग तो माझ्याशी जरा जास्त बोलायला लागला.

शनिवार, पोर्ट ऑगस्टा

तीनशे किलोमीटर, जवळजवळ सगळं सपाट. गहू, मेंढ्या, पुन्हा गहू. उजवीकडे फ्लिंडर्सचे डोंगर सुरू होतात तेव्हा कुठे मान वळवावीशी वाटते. गॅसची गरज पडली नाही.

वाटेत नातीनं विचारलं, "आजोबा, डिझेलमध्ये गॅस घातला की काय होतं?" तिला सांगितलं ते इथेही लिहितो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापते, मग त्यात डिझेलचा फवारा मारायचा, तो आपोआप पेटतो. या इंजिनात हवा बाविसाव्या हिश्शाहूनही लहान जागेत कोंबली जाते. पण फवाऱ्याला हवेत मिसळायला वेळ फार थोडा मिळतो. काही हवा त्याच्या हाती लागतच नाही, आणि डिझेल वाढवावं तर ते अर्धवट जळून धूर होतो. म्हणजे धूर निघतोय तेव्हाही आत न वापरलेली हवा शिल्लक असते. गॅस हवेतच मिसळून आल्यामुळे तो तिथे आधीच हजर असतो. डिझेल २१० अंशांच्या आसपास पेट घेतं, प्रोपेनला साडेचारशेच्या वर लागतात. म्हणून गॅस दाबाखाली गप्प बसतो आणि डिझेल पेटलं की त्याच्या ज्वाळेनं पेटतो.

"म्हणजे बँकर!" जावई म्हणाले. कर्जतला गाडीला मागून इंजिनं लावतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलतात, आणि घाट संपला की सुटतात. गॅसचं काम तेवढंच. माणूस कल्याणचा असला की उदाहरण बरोबर सुचतं.

यात नवं काही नाही. आपल्याकडे गोबरगॅसवर डिझेल इंजिनं चालवली ती याच तत्त्वावर, आणि तिथे तर बरंचसं डिझेल वाचवता येतं. इथे गॅस थोडाच सोडायचा. जास्त झाला तर तो ज्वाळेची वाट न पाहता स्वतःच पेटतो, इंजिन ठोकायला लागतं, आणि मग पिस्टनची आशा सोडावी.

संध्याकाळी समुद्राच्या खाडीवर गेलो. १८६६ च्या सुरुवातीला इथेच उंटांची मोठी खेप उतरली. थॉमस एल्डर नावाच्या धनिकानं कराचीहून मागवलेले सव्वाशेच्या आसपास उंट आणि त्यांच्याबरोबर एकतीस उंटवाले. इथले लोक त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे, पण जहाज सुटलं ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. म्हणजे या वाळवंटातली पहिली मोठी मालवाहतूक आपल्याच इलाख्याच्या बंदरातून आली, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होणार नाही.

रविवार, हॉरॉक्स पास

आजचा दिवस मोजमापाचा. पोर्ट ऑगस्टाहून दक्षिणेला येऊन डावीकडे वळलं की विल्मिंग्टनकडे जाणारी ही खिंड लागते. जावयांचा हट्ट: एकदा गॅस बंद ठेवून चढायचं, वर जाऊन वळायचं, खाली यायचं आणि मग गॅस लावून चढायचं. लेक म्हणाली, "मी आणि ही खाली झाडाखाली बसतो. तुमचं झालं की न्यायला या." त्या दोघी उतरल्या, तेवढंच वजन कमी झालं म्हणून तिथेही आमची चर्चा झाली.

आदल्या रात्री मी वहीत हिशेब मांडला होता. साडेचार टन वजन, चढ शंभराला सहा धरला, तर ताशी साठच्या वेगानं फक्त वर उचलायलाच सुमारे ४४ किलोवॅट लागतात. चाकांचं घर्षण आणि हवा धरली की साधारण साठ. तोच वेग ऐंशीवर नेला तर नव्वदच्या घरात. इंजिन ९६ किलोवॅटचं, पण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलनं आपला वाटा घेतल्यावर चाकापर्यंत ऐंशीच पोचतात, तेही इंजिन जिवाच्या आकांतानं फिरवलं तर. म्हणजे ऐंशीनं घाट चढायची इच्छा मुळातच या गाडीच्या कुवतीबाहेरची. तिसऱ्या गिअरमध्ये पंचावन्न ते साठ, हे तिचं खरं.

गॅस बंद ठेवून वळणांच्या पट्ट्यात काटा पंचावन्नच्या आसपास राहिला. आरशात काळा पट्टा. गॅस लावला तेव्हा तोच पट्टा तिसऱ्यातच, पासष्टला टेकून. धूर डोळ्यांना दिसण्याइतका कमी. आवाजही बदलला, डिझेलची टकटक जराशी मऊ झाली. जावई लहान मुलासारखे स्टिअरिंगवर थाप मारत होते.

मी मात्र दुसऱ्या काट्याकडे बघत होतो. एक्झॉस्टमध्ये तापमापक बसवायचा आग्रह माझाच. सातशे अंशांच्या खाली ठेवायचं, असं इथले जाणकार सांगतात. गॅसवर तो काटा आधीपेक्षा वर गेला, थांबला, पण फार खाली थांबला नाही. ताकद जिथून आली तिथूनच उष्णताही आली. या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात जळतं, आणि ताप वाढला की हेडला क्रॅक जाण्याची त्याची ख्याती आहे. टर्बो लावून ज्यांनी हौस केली त्यांपैकी कित्येकांनी हेड बदललं. तेव्हा गॅस लावला म्हणून पाय फळीपर्यंत दाबायचा नाही. गिअर उतरवायचा.

आणखी एक गोष्ट जावयांना स्पष्ट सांगितली. इंजिनाला जोर आला म्हणून गाडीची ओढायची मर्यादा वाढत नाही. ती कंपनीनं चेसिस, ब्रेक, हूक बघून ठरवलेली. इथे दोन टनांवरच्या ट्रेलरला सगळ्या चाकांना ब्रेक आणि गाडीपासून सुटला तर आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा आहे, तो चढणीसाठी नव्हे. आजच्या चढापेक्षा उतारावरच माझा जीव जास्त वरखाली झाला.

खिंडीचं नाव जॉन हॉरॉक्सवरून. १८४६ साली हा तरुण उत्तरेकडे शोधमोहिमेवर निघाला. बरोबर हॅरी नावाचा उंट. ऑस्ट्रेलियातल्या मोहिमेत वापरलेला पहिला उंट हाच. तापट जनावर, माणसांना चावायचं. एकदा हॉरॉक्स बंदूक भरत असताना हॅरी हलला, गोळी सुटली आणि हॉरॉक्सला लागली. काही दिवसांनी तो गेला. उंटालाही मारायला त्यानं सांगितलं होतं. ओढायला घेतलेलं साधन उलटलं तर काय होतं, याची इतकी सरळ गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही.

सोमवार, क्वॉर्न

विल्मिंग्टनहून क्वॉर्नचा रस्ता शांत आहे. गावात जुनं रेल्वे स्टेशन आणि पिची रिची रेल्वेची वाफेची इंजिनं. १९७३ पासून हौशी मंडळींनी जपलेली. जुनी घान गाडी याच अरुंद रुळांवरून ॲलिस स्प्रिंग्जला जायची. मी शेडमध्ये बराच वेळ रमलो, त्यावर लिहायला बसलो तर हा अंक पुरणार नाही.

मंगळवार, हॉकर

कन्याका इथले पडके वाडे मागे टाकले आणि समोरून उत्तरेचा वारा सुटला. रस्ता सपाट. तरी गाडी परवाच्या खिंडीइतकीच रेटत होती. कॅरॅव्हॅनची समोरची भिंत वाऱ्यात उभी राहिली की गाडीचा दिवसभर घाट असतो.

जावयांचा हात स्विचकडे गेला. मी म्हटलं, "गॅस राखून ठेवा. वेग उतरवा." हवा कापायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनानं वाढते; शंभरावरून ऐंशीवर आलं तर ती जवळजवळ निम्म्यावर येते. त्यांनी ऐंशी केली. तापमानाचा काटा खाली आला, डिझेलचा काटा हळू सरकायला लागला. मागून आलेल्या रोडट्रेननं आम्हाला सहज मागे टाकलं, ते सोडलं तर तक्रार नाही.

रात्री हिशेब. लिटरभर एलपीजीत डिझेलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. त्याचा भाव डिझेलच्या दोन तृतीयांशाहून खाली असेल तरच पैशांचा फायदा. शिवाय पंपच कमी होत चाललेत. २०१६ मध्ये फोर्डची आणि २०१७ मध्ये होल्डनची गाडी बनणं इथे थांबलं. त्यांच्या गॅसवर चालणाऱ्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या, मग पंपवाले एकेक नोझल काढायला लागले. उत्तरेला जाताना गॅस मिळेलच असा भरवसा नाही. जावई म्हणाले, "म्हणजे टर्बोच लावायला हवा होता का?" सरळ मार्ग तोच, असं माझं मत. इंजिनाला ताकद हवी तर आधी हवा द्यावी. पण मग इंजेक्शन पंपाची सेटिंग, हेड, कूलिंग सगळं त्या मापाचं करा, आणि खर्चाचा आकडा माझ्या लेकीला तुम्ही सांगा.

लेक आतून म्हणाली, "मला ऐकू येतंय."

टाकीत पाऊण गॅस आहे. परतीच्या चढापर्यंत स्विच बंद. उद्या विल्पिना.