ओट्याखालची पोकळी

काकूंच्या ओट्यावर मिक्सरच्या दोन पायांखाली कापडाची घडी होती आणि भिंतीच्या कडेनं जुना पंचा पिळा करून लावलेला होता. कुणी काही सांगायच्या आतच मला अर्धी तक्रार कळली. घडी म्हणजे दगड एका पातळीत नाही आणि पंचा म्हणजे पाणी सिंककडे न जाता भिंतीकडे पळतंय. फिटरला फोन करूनही तो येत नाही हे एकदा कळलं, की घरातली बाई हळूहळू त्या दगडालाच सांभाळून घ्यायला लागते. दगडानं तिला सांभाळायचं, तर उलटंच होऊन बसतं. मला याचा फार त्रास होतो.

नाशिकात मी सव्वीस वर्षं फरशी आणि ओटे बसवतोय. हातात थापी मामानं दिली. नवीन ओटा बसवण्यापेक्षा दुसऱ्यानं बसवलेला बिघडलेला ओटा दुरुस्त करणं अवघड, कारण दोष वर कधीच नसतो.

मी काकूंकडे वाटीभर पाणी मागितलं आणि शेगडीजवळ ओतलं. ते तिथंच थबकलं, मग धार धरून मागं गेलं आणि भिंतीच्या सांध्यात शिरलं. नंतर खिशातलं रुपयाचं नाणं काढलं आणि ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवत गेलो. खाली सिमेंटचा मसाला भरलेला असेल तिथं दगड टणक, बारीक आवाज देतो. खाली काहीच नसेल तिथं तोच दगड ढब्ब बोलतो. पोकळ जागांभोवती खडूनं गोल करत गेलो. आठ फुटांत सात गोल झाले. काकू म्हणाल्या, “अहो भाऊ, म्हणजे सगळा ओटाच पोकळ म्हणा की!”

सिंकच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघून थेट पुढच्या कडेच्या नोझिंगपर्यंत आली होती. आधी येऊन गेलेल्या कुणीतरी ती काळा रंग मिसळलेल्या इपॉक्सीनं भरली होती. भरलेली रेघ शाबूत होती आणि तिच्या बाजूनं नवी चीर पडली होती. कारण न शोधता चीर भरली की असंच होतं.

ग्रॅनाइट दाब कितीही सोसतो, वाक सोसत नाही. आठ फूट लांब, दोन फूट रुंद, अठरा मिलिमीटर जाडीचा तुकडा सत्तर किलोच्या आसपास भरतो. त्यावर कुकर, पाण्याचा हंडा, खलबत्ता. हे सगळं खालच्या कडप्प्यावर सरळ उतरलं तर दगड जन्मभर टिकतो. मध्ये पोकळी असेल तर प्रत्येक घावाला तो अंशभर वाकतो आणि सगळा ताण सर्वांत कमजोर जागेवर, म्हणजे सिंकच्या कोपऱ्यावर येतो. सिंकच्या पुढं दगडाची तीन-चार इंचांची पट्टीच तर उरलेली असते. त्यात कोपरा कापताना घाई केली की विषय संपला. कटरची ब्लेड गोल असते, त्यामुळे खालच्या बाजूला काटकोन पूर्ण करायला गेलं की वरच्या बाजूला काप इंचभर पुढं निघून जातो. हा निघून गेलेला काप म्हणजे चिरेची सुरुवात. म्हणून आधी कोपऱ्यात गोल भोक पाडायचं आणि ब्लेड त्या भोकापाशी थांबवायची. यात पंधरा मिनिटं जास्त जातात. रनिंग फुटावर पैसे घेणाऱ्या पोराला ती पंधरा मिनिटं परवडत नाहीत, हे मला ठाऊक आहे, पण त्याची किंमत पुढची वीस वर्षं दुसरंच कुणीतरी मोजतं.

ओटा उचलायचा ठरला. गॅसचा कॉक बंद केला, सिंकचा पाइप सोडवला, सिलिकॉन ब्लेडनं कापला. पहारीखाली लाकडी पाचर ठेवून तुकडा सूत-सूत वर घेतला. चौघांनी तो उभा करून बाहेर नेला. ग्रॅनाइट कधीच आडवा उचलायचा नाही, स्वतःच्या वजनानंच मधोमध तुटू शकतो.

खाली जे दिसलं ते मी बराच वेळ बघत उभा राहिलो. कडप्प्यावर सिमेंटचे पाच गोळे थापले होते, पुरणाच्या गोळ्यांसारखे, आणि त्यांच्यावर दगड टेकवला होता. बाकी सगळी मोकळी हवा. त्या मोकळ्या जागेत झुरळांची अंडी, ओलसर काळपट घाण आणि एक फुगलेला मसूर. सिंकच्या बाजूला कडप्प्याचा उभा पायच नव्हता. दोन पायांमध्ये जवळजवळ चार फुटांचं अंतर. खालच्या ट्रॉलीचं प्लायवूड भिजून पापुद्रे सुटले होते, कारण नोझिंगच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच कुणी मारलीच नव्हती. थेंब कडेवरून वळून आत जायचा.

आम्ही सिंकजवळ नवा पाय उभा केला आणि कडप्पा पाण्याच्या नळीनं लेव्हलला आणला. मसाला गोळ्यांनी नाही, पूर्ण पसरून घेतला. दगड टेकवताना हातानं दाबत गेलो, म्हणजे हवा कडेनं निघून जाते. सिंककडे एकूण दोन सुतांचा ढाळ दिला. डोळ्याला तो दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो.

टेकवलेला दगड मात्र नवा होता, चिरलेला तुकडा बदलावाच लागला. काळा ग्रॅनाइट सगळीकडे काळाच, असं वाटतं, पण एका लॉटचा काळा दुसऱ्या लॉटच्या काळ्याशी जुळत नाही. दोन दुकानं फिरलो. एका ठिकाणी स्वस्त तुकडा होता. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचा द्रव घेऊन घासलं तर फडकं काळं झालं. रंग चढवलेला करडा दगड! तो काही वर्षांत शेगडीभोवती पांढुरका पडला असता. काकूंनी कडप्पाच वर वापरू का, असंही विचारलं. कडप्पा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच, दही सांडलं की तो खाल्ला जातो आणि डाग पडतो. पायासाठी तो उत्तम आहे, पण स्वयंपाकाला वर नको.

तुकडा कापायचं काम मी पार्किंगमध्ये केलं, ब्लेडवर पाण्याची धार सोडून. घरात सुकं कापणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो. त्या पांढऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते. सिलिकोसिस झाला की बरा होत नाही. क्वार्ट्झच्या तयार स्लॅबमध्ये तर सिलिका नव्वद टक्क्यांच्या आसपास असू शकते. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून अशा दगडावर बंदी घातली, ती कामगारांची फुप्फुसं वाचवायलाच. माझ्याकडच्या पोरांनी मास्क काढला की मी काम थांबवतो.

एक गोष्ट राहता राहिली होती. काकू उंचीनं लहान, आणि ओटा चौतीस इंचांचा. पोळ्या लाटताना त्यांचा खांदा वर चढायचा. कोपर वाकवल्यावर त्याखाली चार बोटं जागा सोडून ओटा यावा, असा मामाचा हिशोब. दोन इंच उतरवायला हवे होते, पण ट्रॉल्यांचं माप आड आलं, म्हणून दगड टेकवण्याआधी पाय कापून एकच इंच मिळाला. भिंतीच्या टाइलखाली उघडी पडलेली जागा चार इंची ग्रॅनाइटच्या पट्टीनं झाकली. तो दुसरा इंच माझ्या मनात अजून खुपतो. ज्या दिवशी बिल्डरनं सगळ्या घरांना एकच माप दिलं, त्या दिवशी कुणीतरी काकूंना ओट्यापाशी उभं करून बघायला हवं होतं.

दोन दिवस जड काही ठेवू नका, असं सांगून आम्ही निघालो. संध्याकाळी काकूंचा फोन: “नुसतं दुधाचं पातेलं चालेल का?” चालेल म्हटलं.

त्या पाच गोळ्यांचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवलाय. दुसऱ्या साइटवर जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडच्या सगळ्यात नव्या पोराला दाखवला. तो काही बोलला नाही. डबा तसाच ठेवून उठला, माझ्याकडे एक रुपयाचं नाणं मागितलं आणि आदल्या दिवशी स्वतः बसवलेल्या खिडकीच्या पट्टीपाशी जाऊन वाजवायला लागला.