एकतिसावा रुग्ण

सिव्हिल हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात सकाळी अकरा ते दुपारी तीन हा दिवसातला सगळ्यात अवघड काळ. राउंड होऊन गेलेला असतो, सहा-सात जणांना सुट्टी सांगितलेली असते आणि तरीही एक खाट मोकळी झालेली नसते. कुणाचं डिस्चार्ज कार्ड लिहायचं राहिलंय, कारण ड्युटीवरचे डॉक्टर खाली कॅज्युअल्टीत अडकलेत. कुणाची घरी न्यायची औषधं यायचीत. कुणाचा मुलगा ऊसतोडीवर आहे, तो रात्रीपर्यंत पोचेल. तेवढ्यात फोन वाजतो. ‘सिस्टर, साप चावलेला एक आणि धाप लागलेला एक वर पाठवतोय, बेड करा.’

अशा वॉर्डांत परिसेविका म्हणून माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला. लोकांना वाटतं, सरकारी दवाखान्यात खाट मिळते ती वशिल्यानं. फोन येतात, हे खरं आहे. कुणा पुढाऱ्याचं नाव सांगणारे नातेवाईक दर आठवड्याला भेटतात. पण रोजच्या शंभरातल्या बहुतेक खाटा वॉर्डातली इन्चार्ज सिस्टर ठरवते. कुणाला कुठे ठेवायचं, हे तिला नर्सिंगच्या पुस्तकानं थोडं आणि वॉर्डानं जास्त शिकवलेलं असतं.

साप चावलेला रुग्ण टेबलासमोर हवा. त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या, बोलणं चिकट झालं, तर ते पहिल्या मिनिटाला दिसलं पाहिजे. विष घेतलेल्याला खिडकीशी किंवा कोपऱ्यात एकटं ठेवायचं नाही. टीबीचा संशय असलेल्याला जिथे वारा खेळतो त्या टोकाला, मधुमेहाची उघडी जखम असलेल्यापासून लांब. रात्री भ्रमात उठून चालू लागणारे आजोबा जिन्याच्या दाराजवळ नकोत. लांबट हॉल, दोन्ही बाजूंना खाटांच्या रांगा आणि एका नजरेत येणारा वॉर्ड, ही रचना फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावानं ओळखली जाते. 1859 साली तिनं रुग्णालयांवर पुस्तक लिहिलं, त्यात खिडक्यांचा, हवेचा आणि दोन खाटांमधल्या अंतराचा बारकाईनं विचार आहे. आपल्या कितीतरी जुन्या सिव्हिलांचे वॉर्ड त्याच घडणीचे. आज त्या अंतरात गाद्या पसरलेल्या असतात.

गादीवर, म्हणजे फरशीवर, कुणाला घ्यायचं हा दिवसातला सगळ्यात जड निर्णय. तो मनाला येईल तसा घेता येत नाही. छातीत नळी घातलेला रुग्ण खाली घेता येत नाही, कारण नळीची बाटली छातीच्या खालच्या पातळीवरच असावी लागते. लघवीची पिशवीही मूत्राशयाच्या खाली लटकली पाहिजे. फरशीवर ती अंगाच्या बरोबरीनं पडून राहते, लघवी उलट फिरते आणि ताप घेऊन आलेला माणूस आणखी एक ताप घेऊन बसतो. धाप लागलेल्याला पाठ उंच करून बसवावं लागतं, ते गादीवर जमत नाही. भिंतीतल्या ऑक्सिजनची नळी तिथवर पोचत नाही, मग वॉर्डबॉय मामांना सिलिंडर ढकलत आणावा लागतो. शीर शोधायला सिस्टर गुडघ्यांवर बसते, एका हातात मोबाइलचा उजेड. म्हणून खाली कोण, तर तरणा, ताप उतरलेला, सलाइन सुटलेला, स्वतः उठून मोरीपर्यंत जाणारा. आणि असा कुणी सापडलाच नाही, तर त्यातल्या त्यात बरा असलेला.

न्यूमोनियातून सावरलेल्या एका आजोबांना मी एकदा विचारलं, ‘आजोबा, तुमचा ऑक्सिजन आता काढलाय. हा नवा पेशंट फार धापतोय. तुम्हाला पलीकडच्या गादीवर नेऊ का?’ ते उठूनच बसले. चादर स्वतः घडी करत म्हणाले, ‘न्या की बाई. पर रात्री आवाज दिला तर येताल का?’ खाट सोडायला माणसं फारशी कुरकुरत नाहीत. खाटेबरोबर आपल्याकडचं लक्षही जाईल, ही भीती मात्र खरी असते. आणि ती बिनबुडाची नाही.

कारण सरकारी हिशोबात वॉर्ड तीस खाटांचा असतो. परिचारिकांची पदं, औषधांची मागणी, चादरी, सगळं मंजूर खाटांवर बेततात. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या वॉर्डात पाच खाटांमागे एक परिचारिका आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक असं आहे. त्यातली निम्मी पदं भरलेली असली तरी वॉर्ड कसाबसा चालतो. पण तिसाच्या जागी पन्नास रुग्ण झाले की वरचे वीस कुणाच्या वाट्याचे? ते रात्रीच्या सेन्ससमध्ये, म्हणजे रुग्णांच्या मोजदादीत, आकडा म्हणून जातात, टक्केवारी शंभराच्या वर दिसते आणि कागद पुढे सरकतो. पदांचा आकृतिबंध जागचा हलत नाही. एकतिसाव्या रुग्णाला लागणारं लक्ष आधीच्या तिसांच्या वाट्यातून काढावं लागतं.

2023 च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं. दीड महिन्यापूर्वीच कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात 18 जण गेले होते. औषधांवर, अधिकाऱ्यांवर खूप चर्चा झाली. दोन्हीकडे मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण होते, हेही तेव्हा छापून आलं. ते वाचून माझ्यासारख्यांना नवल वाटलं नाही, फक्त झोप लागली नाही.

पूर्ण भरलेलं रुग्णालय म्हणजे उत्तम चाललेलं रुग्णालय, असा एक समज आहे. 1999 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला. संगणकावर रुग्णालयाचं प्रारूप मांडून अभ्यासकांनी दाखवलं की सरासरी 85 टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या राहिल्या की धोका दिसू लागतो आणि नव्वदीच्या पुढे खाटांची चणचण पुन्हा पुन्हा येते. तातडीचे रुग्ण सांगून येत नाहीत. एके दिवशी चार, दुसऱ्या दिवशी अकरा. त्या अकरांसाठी काही खाटा मोकळ्या असाव्या लागतात आणि आपल्याकडे मोकळी खाट दिसली की तपासणीला आलेले साहेब विचारतात, ही रिकामी का?

खाटा वाढवा, ही मागणी बरोबरच आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं हजार लोकसंख्येमागे दोन खाटांचं उद्दिष्ट ठेवलं. पण वॉर्डात काम केलेल्या माणसाला दुसरा हिशोबही दिसतो. तीस खाटा आणि सरासरी मुक्काम पाच दिवसांचा, तर रोज सहा नवे रुग्ण घेता येतात. मुक्काम चारावर आला तर त्याच खाटांत सात-आठ. एक दिवस वाचवणं म्हणजे सात-आठ खाटा बांधल्यासारखंच. आणि तो एक दिवस जातो कुठे? सोनोग्राफीची तारीख शुक्रवारची मिळते म्हणून रुग्ण बुधवारपासून पडून असतो. रविवारी सुट्टी लिहायला वरिष्ठ नसतात. बरा झालेला माणूस न्यायला कुणी येईना म्हणून बसून राहतो. बेवारस रुग्णांचे तर महिने जातात, कारण त्यांना पुढे कुठे पाठवायचं हे कुणीच ठरवत नाही.

त्यातलं रुग्णाच्या परत जाण्याचं दुखणं मला सगळ्यात जास्त सलतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात 30 खाटा असतात. तिथे भूलतज्ज्ञ नाही, सर्जन नाही, म्हणून रुग्ण जिल्ह्याला रेफर होतो. 108 ची गाडी त्याला आणते. सावंतवाडी-दोडामार्गकडचा रुग्ण तर राज्याची हद्द ओलांडून गोव्यात बांबोळीला जातो, वर्षानुवर्षं जातोय. ऑपरेशन झालं, धोका टळला, आता आठ दिवस ड्रेसिंग आणि इंजेक्शनं. हे काम ग्रामीण रुग्णालय व्यवस्थित करू शकतं, तिथे खाटही असते. पण परत पाठवण्याची रीतच नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून बाळंतिणीला आणि आजारी तान्ह्या बाळाला सरकारी गाडी घरी सोडते. मांडीचं हाड जोडलेल्या सत्तर वर्षांच्या आजीला मात्र एसटी किंवा उसनवारीची जीप. म्हणून ती आमच्या खाटेवर राहते आणि तिच्या शेजारी फरशीवर दुसरी आजी.

मोठ्या रुग्णालयांत आणखी एक गोष्ट चालते. मेडिसिनला गाद्या घातलेल्या असतात आणि वरच्या मजल्यावर एखाद्या युनिटच्या चार खाटा मोकळ्या. त्या मागायला सिस्टरनं सिस्टरला फोन करायचा, तिनं आपल्या डॉक्टरांना विचारायचं, आणि डॉक्टर म्हणणार, उद्या माझा ओटी डे, ऑपरेशनचा दिवस आहे. त्यांचंही चुकत नाही. पण सगळ्या इमारतीच्या खाटा एका नजरेनं पाहणारं आणि ‘हा रुग्ण तिकडे जाईल’ असं ठामपणे सांगू शकणारं माणूस चोवीस तास हवं. ते अनुभवी परिसेविकेचं पद असावं, तिला अधिकार लेखी असावा, आणि तिचा शब्द युनिटच्या प्रमुखांनीही मानावा. हे करायला नवी इमारत लागत नाही.

तुमच्या घरचं कुणी सिव्हिलला दाखल असेल आणि सुट्टी सांगितली असेल, तर दुपारच्या आत न्यायची खटपट करा. त्या खाटेची वाट पाहणारा खाली कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर आहे. आणि तुमच्या तालुक्यात शंभर खाटांच्या नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं, तर फीत कापायला येणाऱ्यांना भर मांडवात विचारा, या खाटांमागे परिचारिकांची पदं किती मंजूर झाली आणि त्यांतली आज भरलेली किती?