पडद्यावरचा शोएब

आम्ही उर्दू शाळेतली मास्तर मंडळी सुट्टीत सिनेमागृह गाठतो. पडद्यावरचा मुसलमान बहुधा ठरलेला असतो: सुरमा घातलेला खलनायक, नाहीतर नायकासाठी जीव देणारा दोस्त. २०२५ साली आलेला नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' मात्र वेगळा वाटला. त्यातल्या शोएबला आणि त्याच्या दलित मित्राला, चंदनला, पोलीस शिपाई व्हायचे आहे. वर्दीने तरी इज्जत मिळेल म्हणून. पुढे कचेरीत एक सहकारी शोएबला आपली पाण्याची बाटली भरू देत नाही. प्रसंग एवढाच, पण आम्ही खुर्चीत आक्रसलो. भरतीचे अर्ज भरून निकालाची वाट पाहणारे शोएब आमच्याच वर्गातून बाहेर पडतात. मेहनत आम्ही शिकवतो. त्या बाटलीसमोर कसे उभे राहायचे, हे कोणत्या इयत्तेत शिकवावे?