साहेबाचा देव

देह सगळा लाकडाचा. दोन जाड उभे खांब, त्यांना वरखाली धरून ठेवणाऱ्या आडव्या तुळया, मधोमध एक मळसूत्र आणि त्याला बसवलेला दांडा. दांडा जोर लावून आपल्याकडे ओढला की वरची जड फळी खाली उतरायची आणि शाई लावलेल्या खिळ्यांवर कागदाचा ओलसर ताव दाबून धरायची. दांडा सोडला की फळी वर. अंगात एवढंच कसब. पण १७९८ साली हे छापयंत्र उत्तर बंगालमधल्या मदनावती गावी येऊन उभं राहिलं, तेव्हा टांगन नदीच्या त्या काठावर असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. निळीचे हौद, भाताची खाचरं आणि पावसाळ्यात चहूकडे पाणी, असा तो मुलूख. लोक झुंडीनं बघायला आले. साहेब त्याच्याभोवती किती भक्तिभावानं वावरतो, हे पाहून त्यांनी ठरवून टाकलं की हा साहेबाचा देव आहे.

साहेब म्हणजे विल्यम केरी. इंग्लंडात जोडे शिवून पोट भरणारा, तिथंच पुस्तकांतून भाषा शिकलेला आणि १७९३ च्या नोव्हेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, बायकामुलांसह कलकत्त्याला उतरलेला तरुण मिशनरी. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात धर्मप्रचारक नको होते. म्हणून जॉर्ज उडनी या व्यापाऱ्याच्या मदनावतीच्या निळीच्या कारखान्यावर त्यानं व्यवस्थापकाची नोकरी धरली. पगार महिना २०० रुपये. पहिल्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर आजारानं गेला. पोराची कबर खणायला जातीच्या धाकानं कुणी पुढे येईना, अखेर चार मुसलमान तयार झाले. पत्नी डोरोथीचं मन त्यानंतर ढासळत गेलं ते कायमचंच. दिवसा निळीचा हिशेब, उरलेल्या वेळात बंगालीचा अभ्यास, गावोगाव प्रवचनं, मुलांसाठी शाळा. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, त्यात मात्र यश नव्हतं. त्याचं ऐकून धर्म बदललेला एकही बंगाली माणूस त्याच्याजवळ नव्हता.

अशा घरात हे यंत्र आलं. कलकत्त्यात ते विक्रीला निघालं होतं. उडनीनं विकत घेऊन ते केरीला भेट दिलं. आणि आल्याबरोबर ते रिकामं उभं राहिलं.

या यंत्राचा खरा स्वभाव तिथं दिसतो. ते गरजवंत होतं. त्याला बंगाली खिळे हवे होते. शाई, कागद, खिळे जुळवणारा, दांडा ओढणारा, असे सगळे हवे होते. त्याहून आधी छापण्याजोगी भाषा हवी होती, आणि ती केरीला एकट्याला येत नव्हती. रामराम बसू या मुन्शीच्या पायाशी बसून त्यानं नव्या कराराचं बंगाली भाषांतर जवळजवळ पुरं करत आणलं होतं. प्रवचन करणाऱ्याला श्रोते पुरतात, नसले तरी तो बोलू शकतो. या यंत्रापुढे तसं चालेना. दहा माणसांच्या हातांवाचून ते एक ओळसुद्धा उमटवणार नव्हतं. द्यायला आलेल्या या तरुणाला त्यानं मागायला लावलं. केरीच्या आयुष्याला मला इथंच वळण लागलेलं दिसतं.

निळीचा धंदा बुडाला. त्याच सुमाराला इंग्लंडहून नवे सहकारी आले, तेही कंपनीच्या हद्दीबाहेर, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला. १० जानेवारी १८०० रोजी केरी कुटुंबकबिल्यासह तिथं पोचला. सोबत यंत्र होतंच. तिथं त्याला हवी ती माणसं एकेक करून भेटली. विल्यम वॉर्ड हा डर्बीचा कसबी मुद्रक होता. पंचानन कर्मकार हा लोहारकीच्या घराण्यातला, १७७८ साली हुगळीला छापलेल्या बंगाली व्याकरणाचे खिळे घडवण्यात हात असलेला कारागीर. पोलादी ठशावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकायचा आणि त्या साच्यात शिसं ओतायचं, हे काम तो करी. जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या धरल्या तर एका लिपीलाच शेकड्यांनी ठसे लागत.

१८ मार्च १८०० रोजी मत्तयाच्या शुभवर्तमानाचं पहिलं बंगाली पान निघालं. दांडा केरीनं स्वतः ओढला. वर्ष सरता सरता कृष्ण पाल नावाच्या सुतारानं बाप्तिस्मा घेतला, म्हणजे केरीला सात वर्षं वाट पाहावी लागली. ७ फेब्रुवारी १८०१ ला संपूर्ण नवा करार छापून झाला.

हे यंत्र धर्मांतरासाठी आणलं होतं, हे झाकून ठेवण्याचं कारण नाही. इथल्या धर्मांवर टीका करणाऱ्या पुस्तिकाही श्रीरामपुरात निघाल्या. पण यंत्राला पुढ्यात येईल ते छापावं लागतं. १८०१ सालीच रामराम बसूंचं राजा प्रतापादित्याचं चरित्र तिथं छापलं गेलं आणि बंगाली गद्याचा पाया पडला. पाठोपाठ कृत्तिवासाचं रामायण आणि काशीरामदासांचं महाभारत निघालं. मिशनऱ्याच्या छापखान्यातून राम आणि युधिष्ठिर घरोघर गेले.

आणि तिथून ही छपाई आपल्या मराठीपर्यंत आली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी मराठीही शिकवू लागला आणि पुस्तकांची गरज पडली. १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं, १८१० साली मराठी कोश मोडीत. त्याच्या पाठीशी नागपूरचे पंडित वैजनाथ शर्मा होते. मग सिंहासनबत्तिशी १८१४ साली, हितोपदेश १८१५ साली आणि १८१६ साली बसूंच्या त्याच प्रतापादित्याचा मराठी अवतार. तोवर छापखान्यात यंत्रांचा मोठा गोतावळा झाला होता. मदनावतीचं ते लाकडी यंत्र त्या गोतावळ्याचं मूळपुरुष.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागदाच्या थप्प्या गेल्या, खिळे वितळून शिशाचे गोळे झाले, केरीच्या कोशांची आणि व्याकरणांची हस्तलिखितं राख झाली. बाजूच्या खोलीतली छापयंत्रं तेवढी वाचली, आणि ढिगाऱ्यात पोलादी ठसे शाबूत सापडले. त्याच शिशातून कारागिरांनी पुन्हा खिळे ओतले. पंचानन तेव्हा हयात नव्हता. त्याचा जावई मनोहर ओतशाळा सांभाळत होता. पुढे १८३९ साली एका पाद्र्यानं पाहिलं, तेव्हा ओतशाळेचा मुख्य कारागीर आपल्या आराध्य देवतेच्या मूर्तीखाली बसून बायबलचे खिळे घडवत होता. त्याशिवाय तो कामाला हात लावत नसे. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी राहिली, आणि अक्षर दोघांनी मिळून घडवलं.

मदनावतीच्या गावकऱ्यांच्या तर्काबद्दल मला आदर वाटतो. ज्याच्यापुढे माणूस वाकतो तो त्याचा देव, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. केरी वाकला तो भाषेपुढे, आणि ते वाकणं त्याला या यंत्रानं शिकवलं. त्याचं श्रेय केरीला जरूर द्यावं. पण मराठी मुद्रणाची गोष्ट सांगताना आपण त्याच्या नावापाशी थांबतो, हे बरं नाही. पंचानन कर्मकार, मनोहर आणि वैजनाथ शर्मा ही नावंही आपल्या मुलांना पाठ असली पाहिजेत. त्यांच्या हातांवाचून त्या लाकडी यंत्रातून आपल्या भाषेचं एक अक्षरही उमटलं नसतं.