लाल पेन आणि माझी नजर

लाल शाईनं मुलांचं मन दुखावतं, हे पहिल्यांदा एका प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. साधनव्यक्ती म्हणाल्या, ‘शक्यतो हिरवं पेन वापरा.’ मी मागच्या बाकावरून विचारलं, ‘मग फुलीच्या जागी फूल काढायचं का?’ सगळे हसले, चहा आला, विषय तिथंच मिटला. मुलं निळ्या-काळ्या शाईनं लिहितात, तपासणाऱ्याचं लिखाण वेगळं उठून दिसायला हवं, म्हणून लाल. एवढ्या साध्या व्यवहारात मानसशास्त्र कशाला घुसवायचं, असं माझं मत होतं.

मुलांच्या मनापुरतं ते आजही फारसं बदललेलं नाही. आमची पोरं ‘सर, लाल पेननं बरोबर द्या ना’ म्हणत वही पुढे करतात. पेन्सिलीची खूण त्यांना खरी वाटतच नाही. २०१३ साली अमेरिकेत ड्यूक्स आणि अल्बानेसी यांनी विद्यार्थ्यांना तपासलेला निबंध दाखवून शिक्षकाबद्दल मत विचारलं, तेव्हा लाल शाईत शेरा लिहिणारा शिक्षक त्यांना कमी आपुलकीचा वाटला. वाटला असेल. माझ्याबद्दल घरीही तेच मत आहे.

मत फिरलं ते दुसऱ्याच बाजूनं.

शाळेच्या हस्तलिखितासाठी निबंध निवडायचे होते. आमच्या चित्रकलेच्या बाई सहावीच्या वह्या घेऊन बसल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. विषय ‘माझी आजी’. एका मुलानं लिहिलं होतं: आजी पहाटे चूल पेटवते, तिच्या हाताला धुराचा वास येतो, म्हणून मी तिचा हात दूर सारतो, पण झोपल्यावर तोच हात ओढून घेतो. मी म्हटलं, ‘कुणाची वही? मला कशी दिसली नाही?’ बाईंनी वही माझ्याकडे वळवली. तपासलेली होती, मीच तपासलेली. ‘चुल’भोवती गोल, ‘म्हणुन’भोवती गोल, ‘पहाटे’च्या जागी ‘पाहाटे’ होतं त्याखाली रेघ, आणि समासात शेरा: शुद्धलेखन सुधारा. धुराच्या वासाच्या ओळीवरून माझं पेन गेलं होतं, मी गेलो नव्हतो. बाई मोठ्यानं वाचत होत्या, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. उरलं ते फक्त मुलाचं म्हणणं.

‘चुल’ तरी त्यानं का लिहिलं असेल? घरात तो दिवसभर ‘चुलीवर ठेव’, ‘चुलीत घाल’ असंच ऐकतो. तिथं उकार ऱ्हस्वच आहे. शासनानं १९६२ साली मान्य केलेले लेखनाचे नियम मला पाठ आहेत, पण त्या पोराला तो नियम अर्धा आपोआप सापडलेला होता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यानंतर रुचिक, स्लेपियन आणि फेरिस यांचा २०१०चा अभ्यास वाचनात आला. लोकांना एकच मजकूर तपासायला दिला, काहींच्या हाती लाल पेन, काहींच्या हाती निळं. लालवाल्यांनी जास्त चुका काढल्या, गुणही कमी दिले. तपासणारे काही मुरलेले मास्तर नव्हते, आणि अशा एखाद्या प्रयोगावर मान डोलवायची माझी वृत्ती नाही. तरी हे मला चटकन पटलं. लाल रिफिल हातात आली की माझी नजर वेलांटी-उकारांवर घसरायला लागते, वाक्याकडे ती जातच नाही. इतकी वर्षं चर्चा मुलांच्या नाजूक मनाची चालली होती. बिघडत होता तो तपासणारा, आणि त्याबद्दल प्रशिक्षणात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आता श्रुतलेखन आणि व्याकरण मी लालनंच तपासतो. तिथं चूक ती चूक, उगाच लाड नकोत. बोर्डाच्या गठ्ठ्याला तर लालच, परीक्षकाची शाई तिथं ठरलेली असते. निबंध मात्र आधी हातात काहीही न धरता वाचतो, मग पेन्सिलीनं एखादं वाक्य अधोरेखित करून त्याबद्दल दोन शब्द लिहितो. शुद्धलेखन दुसऱ्या फेरीला. याला वेळ लागतो. साठ-सत्तर पोरांच्या वर्गात दर निबंधाला हे जमत नाही. मग काही निबंध नुसतेच वाचून परत देतो. त्यावर मुख्याध्यापकांची कुरकुर असते, कारण वह्यांच्या तपासणीला कुणी आलं की आधी लाल खुणाच शोधतात.

पालकसभेला एक गृहस्थ मुलाची वही घेऊन आले. ‘सर, तपासलेली दिसत नाही.’ मी म्हटलं, ‘तुम्हीच वाचून बघा, छान लिहिलंय त्यानं.’ त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि बोट ठेवून म्हणाले, ‘ही वेलांटी चुकलीय बघा.’ त्यांच्या हातात तर पेनसुद्धा नव्हतं.